कुलूप तेच, किल्ली नवी

घराची किल्ली हरवली, की शोधाशोध सुरू होते. उशा उलटल्या जातात, खिसे झटकले जातात, कोनाड्यापासून दप्तरापर्यंत सर्व जागा पाहून होतात. किल्ली काही सापडत नाही. मग शेजारचे काका म्हणतात, "दुसरी किल्ली आहे ना? मग काळजी कशाला?" आजी मात्र म्हणते, "अरे, पण ती हरवलेली किल्ली कुणाला सापडली तर?"

दोघांपैकी आजीचा प्रश्न अधिक शास्त्रीय आहे. दुसऱ्या किल्लीमुळे आपली घरात शिरण्याची अडचण दूर होते; हरवलेल्या किल्लीने निर्माण केलेला धोका तसाच राहतो. कुलूप माणसाला ओळखत नाही. त्याला फक्त किल्लीचा आकार समजतो. तो आकार ज्याच्या हाती असेल, त्याला कुलूप घरमालकच समजते.

मग अशा वेळी संपूर्ण कुलूप फेकून द्यायचे काय? पुष्कळदा त्याची गरज नसते. दाराला बसवलेल्या अनेक कुलपांत आतील चारदोन लहान भाग बदलले, की जुनी किल्ली निरुपयोगी होते आणि नवी किल्ली लागू पडते. कुलूप तेच राहते. इंग्रजीत या क्रियेला ‘रीकीइंग’ म्हणतात. आपण तिला सरळ ‘किल्लीबदल’ म्हणू. ही युक्ती कशी साधते, हे समजण्यासाठी आधी कुलपाच्या पोटात डोकावले पाहिजे.

अडसर आणि त्याचा पहारेकरी

कोणत्याही कुलपात दोन मुख्य गोष्टी असतात. पहिली म्हणजे अडसर. दार प्रत्यक्ष अडवून धरणारा हा लोखंडी किंवा पितळी दांडा. दुसरी म्हणजे त्या अडसराला जागचा हलू न देणारा पहारेकरी. किल्लीचे काम या पहारेकऱ्याची समजूत घालण्याचे असते.

जुन्या काळच्या अनेक कुलपांत हा पहारेकरी फार भोळा होता. कुलपाच्या आत पत्र्याचे काही आडवे पडदे असत आणि किल्लीला त्या पडद्यांना चुकवतील अशा खाचा पाडलेल्या असत. पण किल्लीचा बहुतेक भाग कापून टाकला आणि टोकाचा आवश्यक तेवढाच तुकडा ठेवला, तर ती सर्वच पडदे चुकवत असे! म्हणजे एकाच बारीक किल्लीने अनेक कुलपे उघडत.

यापुढची पायरी लिव्हरच्या कुलपाची. दुकानात ‘सहा लिव्हर’, ‘सात लिव्हर’ असे शब्द तुम्ही ऐकले असतील. लिव्हर म्हणजे स्प्रिंगने दाबून धरलेली पट्टी. इंग्लंडमधील रॉबर्ट बॅरन याने १७७८ मध्ये अशा कुलपाचे पेटंट घेतले. त्यातील मर्म असे, की प्रत्येक पट्टी ठरावीक उंचीपर्यंतच उचलली गेली पाहिजे. कमी उचलली तरी अडसर अडतो आणि जास्त उचलली तरीही अडतो. ‘पुरेसे’ उचलणे येथे उपयोगी नाही, ‘अचूक’ उचलावे लागते. आधुनिक कुलपाचा पाया या एका कल्पनेवर उभा आहे.

आपल्या देशातही या धंद्याची परंपरा मोठी आहे. उत्तर प्रदेशातील अलीगढ हे शहर कुलपांसाठी प्रसिद्ध आहे. तमिळनाडूतील दिंडिगलच्या कुलपांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबाग येथे कुलपे बनवण्यास सुरुवात केली.

पिनांचे कुलूप

किल्लीबदल ज्यात सर्वांत सोपा, ते कुलूप मात्र लिव्हरचे नसून पिनांचे असते. फ्लॅटच्या दाराला जे लॅच बसवतात आणि ज्याची चपटी, करवतीसारख्या दात्यांची किल्ली खिशात सहज मावते, ते बहुधा या जातीचे असते. याची मूळ कल्पना फार प्राचीन आहे. इजिप्त व पश्चिम आशियात लाकडी अडसराच्या भोकांत वरून लाकडी खुंट्या पडत आणि खुंट्या लावलेल्या मोठ्या लाकडी किल्लीने त्या वर उचलल्या जात. अमेरिकेतील लायनस येल या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही कल्पना धातूत आणली. त्याच नावाचा त्याचा मुलगा आधी चित्रकार होता. पुढे तोही कुलपांकडे वळला आणि १८६१ व १८६५ मध्ये त्याने सुधारित कुलपांची पेटंटे घेतली. आजची लहान, चपटी किल्ली ही त्याचीच देणगी.

आता या कुलपाची रचना पाहू. एक जाड पितळी कवच आहे अशी कल्पना करा. त्यात आरपार गोल भोक आहे आणि त्या भोकात नेमका बसणारा एक गोल दांडा आहे. या दांड्याला आपण ‘गाभा’ म्हणू. किल्ली गाभ्यात शिरते. गाभा फिरला, की त्याच्या मागच्या टोकाला जोडलेली पट्टी अडसर सरकवते. म्हणून गाभा फिरू न देणे हेच पहारेकऱ्याचे काम.

त्यासाठी कवचातून खाली गाभ्यापर्यंत पाच उभी भोके एका ओळीत पाडलेली असतात. प्रत्येक भोकात तीन वस्तू एकावर एक बसवतात. सर्वांत खाली, किल्लीवर टेकणारी ‘खालची पिन’. तिच्यावर ‘वरची पिन’. आणि सर्वांत वर दोघींना खाली दाबणारी बारीक स्प्रिंग.

कुलपात किल्ली नसते तेव्हा स्प्रिंगच्या दाबाने पिनांची जोडी खाली सरकते. वरची पिन अर्धी कवचात आणि अर्धी गाभ्यात अशी अडकून राहते. दोन फळ्यांना जोडणारा खिळा जसा त्यांना एकमेकींवरून सरकू देत नाही, तशीच ही पिन गाभ्याला फिरू देत नाही. अशा पाच पिना म्हणजे पाच खिळे.

किल्ली आत सरकवताना तिचे उतरते दाते पिनांना उचलत जातात. पाठ्यपुस्तकातील उतरणीचे हे एक छोटे उदाहरणच आहे. आपण किल्ली आडवी ढकलतो आणि पिन उभी वर जाते. किल्ली पूर्ण आत गेली, की प्रत्येक खालची पिन एका खाचेत विसावते. किल्ली बरोबर असेल, तर पाचही ठिकाणी खालच्या व वरच्या पिनेचा सांधा नेमका गाभ्याच्या पृष्ठभागाशी येतो. या पृष्ठभागाला ‘सीमारेषा’ म्हणू. आता एकही पिन सीमारेषा ओलांडत नाही. खालच्या पिना गाभ्यात, वरच्या पिना कवचात. खिळे निघाले, गाभा मोकळा झाला!

आठाचा नियम

आता थोडे गणित. समजा, गाभ्यात किल्लीच्या तळापासून सीमारेषेपर्यंतचे अंतर ८ एकक आहे. किल्लीवर सहा निरनिराळ्या खोलींच्या खाचा पाडता येतात. क्रमांक १ ची खाच सर्वांत उथळ. तेथे किल्लीची उंची ६ एकक उरते. क्रमांक ६ ची खाच सर्वांत खोल. तेथे उंची फक्त १ एकक उरते. सांधा सीमारेषेवर यायचा असेल, तर प्रत्येक ठिकाणी पुढील नियम पाळला गेला पाहिजे:

किल्लीची उंची + खालच्या पिनेची लांबी = ८

म्हणजे खाच जितकी खोल, तितकी पिन लांब. आपल्या किल्लीच्या खाचा ३–५–२–४–१ अशा आहेत असे धरू. तिची पाच ठिकाणची उंची अनुक्रमे ४, २, ५, ३, ६ एकक होईल. म्हणून खालच्या पिना ४, ६, ३, ५, २ एकक लांबीच्या हव्यात. प्रत्येक बेरीज ८ येते ना, ते पडताळून पाहा.

येथे आपण एका महत्त्वाच्या गोष्टीपाशी आलो. ३–५–२–४–१ हे पाच अंक हेच या कुलपाचे गुपित आहे. पितळ, स्प्रिंगा, कवच हे सारे लाखो कुलपांत सारखेच असते. किल्ली हरवते तेव्हा आपण धातूचा तुकडा गमावतो, त्याचे मोल थोडे. पण पाच अंकी गुपित आपल्या ताब्यातून जाते, त्याचे मोल मोठे. आणि गुपित फुटले असेल तर गुपितच बदलावे. त्यासाठी कवच, गाभा आणि दार बदलण्याचे कारण नाही.

किल्लीबदल कसा होतो?

कारागीर प्रथम कुलूप दारातून सोडवतो. चालू किल्ली घालून गाभा थोडा फिरवतो, म्हणजे वरच्या पिना गाभ्याच्या भोकांसमोरून बाजूला होतात. मग तो गाभा एका बाजूने बाहेर ढकलतो. पण नुसता ढकलला, तर वरच्या पिना आणि स्प्रिंगा टपटप बाहेर उडतील. म्हणून तो गाभ्याइतक्याच जाडीचा एक गुळगुळीत दांडा गाभ्याच्या पाठोपाठ आत सरकवतो. गाभा बाहेर येतो, तेव्हा त्याची जागा या दांड्याने घेतलेली असते. वरच्या पिनांना आपल्याखालून गाभा गेला, याचा पत्ताही लागत नाही.

आता गाभा हातात मोकळा आहे. त्यातील जुन्या खालच्या पिना काढून टाकायच्या, नवी किल्ली घालायची आणि तिच्या खाचांप्रमाणे नव्या पिना सोडायच्या. नवी किल्ली २–४–६–३–५ अशी असेल, तर तिची उंची ५, ३, १, ४, २ आणि पिना ३, ५, ७, ४, ६ एककांच्या. पाचही पिनांची डोकी गाभ्याच्या पृष्ठभागाशी सपाट आली, की काम बरोबर झाले. मग गाभ्याने दांड्याला मागे ढकलत पुन्हा आत जायचे. वरच्या पिना आणि स्प्रिंगा होत्या तेथेच राहिल्या. सवयीच्या हाताला हे सारे थोड्या वेळाचे काम आहे.

आता हरवलेली जुनी किल्ली कुणी या कुलपात घातली तर? तिची उंची ४, २, ५, ३, ६ आणि नव्या पिना ३, ५, ७, ४, ६. बेरजा येतात ७, ७, १२, ७, १२. जेथे बेरीज ७ आहे, तेथे सांधा सीमारेषेच्या एक एकक खाली राहिला. वरची पिन गाभ्यात उतरून त्याला अडवते. जेथे १२ आहे, तेथे सांधा चार एकक वर गेला. खालची पिनच कवचात घुसून गाभ्याला अडवते. पाच ठिकाणी पाच अडथळे. खरे तर एक अडथळाही पुरेसा होता.

येथील एक एकक म्हणजे प्रत्यक्षात किती असेल? प्रचारातील अनेक कुलपांत ते सुमारे ०.४ ते ०.६ मिलिमीटर असते. नखाच्या जाडीशी तुलना होईल एवढ्या फरकावर घराचे दार उघडायचे की नाही, हे ठरते! पिना पितळेच्या करतात त्याचे कारणही यात आहे. पितळ सहज व अचूक कापता येते आणि लोखंडासारखे गंजत नाही. एवढ्या बारीक मापात गंजाचा पातळ थरही अडचणीचा ठरेल.

नव्या पिना न आणताही किल्लीबदल होऊ शकतो. त्याच पाच पिनांची फक्त अदलाबदल केली तरी गुपित बदलते. पाच निरनिराळ्या पिना ५ × ४ × ३ × २ × १ = १२० प्रकारे मांडता येतात. त्यांपैकी एक मांडणी जुनी. उरलेल्या ११९ नव्या.

किल्ल्या किती, कुलपे किती?

पाच जागा आणि प्रत्येक जागी सहा पर्याय; तेव्हा एकूण किल्ल्या ६ × ६ × ६ × ६ × ६ = ७,७७६. प्रत्यक्षात यांतील सर्व वापरता येत नाहीत. १ आणि ६ क्रमांकांच्या खाचा शेजारी आल्या, तर खोल खाचेची उतरण उथळ खाचेचा माथा खाऊन टाकते. अशा जोड्या वर्ज्य केल्या, तर ६,३०६ किल्ल्या उरतात. शिवाय १–१–१–१–१ सारखी सपाट किल्ली कोणताही शहाणा कारखानदार टाळतो.

आता गंमत पाहा. एखाद्या कारखान्याने असली दहा हजार कुलपे विकली, तर त्यांत निदान दोन कुलपांची किल्ली एकच असणार, हे न तपासता सांगता येते. ७,७७६ घरट्यांत दहा हजार कबुतरे बसवली, तर एखाद्या घरट्यात दोन बसणारच! इतकेच काय, ७,७७६ पर्याय सारख्याच प्रमाणात वापरले असे मानले, तर अवघी १०५ कुलपे घेतली तरी त्यांत कोणत्यातरी दोघांची किल्ली एकच असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते. आश्चर्य वाटते ना? पण १०५ कुलपांच्या जोड्या मोजा: १०५ × १०४ ÷ २ = ५,४६० जोड्या होतात आणि प्रत्येक जोडी ही जुळण्याची एक संधी असते.

याचा अर्थ घाबरून जावे असा मात्र नाही. आपल्या एका ठरावीक कुलपाला रस्त्यात सापडलेली एखादी किल्ली लागण्याची शक्यता ७,७७६ त एकच. ‘कोणतीतरी दोन’ आणि ‘आपले व दुसरे’ या दोन प्रश्नांतील फरक संभाव्यतेच्या अभ्यासात नेहमी ध्यानात ठेवावा. धोका अनोळखी किल्लीचा फार नाही. आपली म्हणून जी किल्ली कुणाकडे गेली आहे, तिचा आहे.

पिकॅडिलीतील आव्हान

एवढी माहिती मासिकात छापली, तर चोरांना फायदा होणार नाही काय? हा प्रश्न नवा नाही. त्याचे उत्तर १८५१ साली लंडनमध्ये मोठ्या थाटात मिळाले.

जोसेफ ब्रामा हे नाव तुम्ही द्रवचलित दाबयंत्राच्या धड्यात वाचले असेल. याच ब्रामाने १७८४ मध्ये एका कुलपाचे पेटंट घेतले होते. त्याच्या पिकॅडिली येथील दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडलेले असे आणि हे कुलूप किल्लीवाचून उघडणारे साधन जो बनवील, त्याला २०० गिनींचे बक्षीस मिळेल, अशी पाटी होती. ब्रामा १८१४ मध्ये वारला. आव्हान तसेच राहिले.

१८५१ च्या महाप्रदर्शनासाठी आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज हा अमेरिकी कुलूपतज्ज्ञ लंडनला आला. त्याने आधी चब कंपनीचे नावाजलेले कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले. मग तो ब्रामाच्या कुलपाकडे वळला. पंचांच्या देखरेखीखाली १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून त्याने तेही उघडले. बक्षीस त्याला मिळाले आणि लंडनच्या वर्तमानपत्रांत मोठी खळबळ उडाली.

त्या कुलपाचे लक्षावधी पर्याय होते. ते एकामागून एक तपासायला ५१ तास कुठले पुरणार? उत्तर असे, की हॉब्जने ते सर्व तपासलेच नाहीत. कोणतेही यंत्र गणितातल्यासारखे अचूक नसते. भागांमध्ये केसभर फट असते, एखादा भाग दुसऱ्याच्या आधी अडतो. त्यामुळे कुलूप चुकीच्या प्रयत्नालाही बारीकसे उत्तर देत असते. आपल्या पाच पिनांचेच उदाहरण घ्या. पाचही अंक एकदम ओळखायचे, तर ७,७७६ पर्याय. पण एकेक अंक स्वतंत्रपणे कळू लागला, तर जास्तीत जास्त ६ + ६ + ६ + ६ + ६ = ३० च प्रयत्न! गुणाकाराची बेरीज झाली, की कुलपाचे बळ गेले. म्हणून चांगल्या कुलपाची परीक्षा नुसत्या पर्यायांच्या संख्येवर होत नाही. घडण किती काटेकोर आहे, हे त्याहून महत्त्वाचे.

हॉब्जवर टीका झाली, की त्याने चोरांना विद्या शिकवली. त्याचे म्हणणे असे, की या धंद्यात मुरलेल्या चोरांना हे आधीच ठाऊक असते. अज्ञानात राहतो तो गिऱ्हाईक. कुलपाचे दोष उघड झाले तरच कारखानदार ते दुरुस्त करील. आणि झालेही तसेच. त्या घटनेनंतर कुलपांच्या रचनेत सुधारणा झाल्या.

पुढे १८८३ मध्ये ऑग्यूस्त केरखोफ्स या भाषातज्ज्ञाने सैनिकी सांकेतिक लिपीविषयी हेच तत्त्व मांडले. सारी पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी अडचण येऊ नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजच्या संगणकावरील गुप्तलेखनही याच तत्त्वावर चालते. कुलपाची रचना सर्वांना माहीत असू द्या. आपले पाच अंक तेवढे कुणाला कळू देऊ नका.

हे अंक किती सहज कळू शकतात, याचे एक उदाहरण. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संगणकशास्त्रज्ञांनी सुमारे ६० मीटर अंतरावरून टेबलावरच्या किल्ल्यांचे छायाचित्र घेतले आणि संगणकाच्या मदतीने त्यांच्या खाचांचे आकडे काढून दाखवले. तेव्हा नव्या घराच्या आनंदात किल्लीचे छायाचित्र सर्वांना पाठवू नये. तिजोरीचा क्रमांक कागदावर लिहून दाराला चिकटवण्यासारखेच ते आहे.

एक किल्ली, अनेक दारे

वसतिगृहात प्रत्येक खोलीची किल्ली वेगळी असते, पण व्यवस्थापकांच्या एका किल्लीने सर्व खोल्या उघडतात. हे कसे? खालच्या आणि वरच्या पिनेच्या मध्ये एक पातळ चकती घालतात. मग त्या ठिकाणी एकाऐवजी दोन सांधे होतात आणि दोन वेगवेगळ्या उंचींवर गाभा मोकळा होतो. सोय झाली खरी; पण पाचही ठिकाणी चकत्या घातल्या, तर ते कुलूप २ × २ × २ × २ × २ = ३२ किल्ल्यांनी उघडेल. त्यांतील एक खोलीची, एक व्यवस्थापकांची. उरलेल्या तीस कुणी मागितल्या नव्हत्या! सोयीची किंमत सुरक्षिततेत मोजावी लागते, ती अशी.

केव्हा काय बदलावे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पुढील प्रसंगी किल्लीबदल करून घेणे शहाणपणाचे: दुसऱ्याने वापरलेले घर आपण घेतले असेल तेव्हा, भाडेकरू बदलला असेल तेव्हा, पत्ता लिहिलेल्या पाकिटासह किल्ली हरवली असेल तेव्हा, किंवा घराच्या कामासाठी किल्ली इतक्या हातांतून गेली असेल, की तिच्या किती नकला झाल्या हे सांगता येत नाही तेव्हा. भाड्याच्या घरात आधी घरमालकांशी बोलावे. काम माहितीच्या, खात्रीच्या कारागिराकडून आपल्या डोळ्यांसमोर करून घ्यावे आणि नव्या किल्लीने दार उघडे असतानाच दोनचारदा लावून पाहावे.

काही वेळा मात्र कुलूपच बदलणे योग्य. कुलूप झिजून सैल झाले असेल, वाकले असेल किंवा रिबिटांनी कायमचे बंद केलेले साधे टाळे असेल, तर त्यात किल्लीबदल करण्यात अर्थ नाही. आणि कुलूप कितीही चांगले असले तरी कोयंडा आखूड स्क्रूंनी पोकळ चौकटीत बसवलेला असेल, तर चोर कुलपाशी झगडत बसत नाही. साखळीचे बळ तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढेच.

आणखी एक गोष्ट कधीही विसरू नये. दार बाहेरच्यांसाठी बंद असावे, आतल्यांसाठी नव्हे. आग लागली किंवा धूर झाला, तर घरातील लहानथोर सर्वांना चटकन बाहेर पडता आले पाहिजे. आतून कुलूप घालून किल्ली भलत्याच ठिकाणी ठेवणे हे चोरीपेक्षाही मोठ्या संकटाला आमंत्रण आहे.

देखभाल सोपी आहे. पिनांच्या कुलपात खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल ओतण्याचा मोह टाळावा. तेलावर धूळ बसते, तिचा चिकट थर होतो आणि बारीक पिना अडकू लागतात. त्यापेक्षा ग्रॅफाइटची कोरडी भुकटी चांगली.

करून पाहा

साहित्य: जाड पुठ्ठा, चौकटीचा कागद, कात्री, पट्टी.

१) कागदावर तळाची एक रेषा काढा. तिच्यापासून ८ चौकटी वर लाल रंगाने सीमारेषा काढा.

२) पुठ्ठ्यातून ३–५–२–४–१ ही किल्ली कापा. खाचांऐवजी पायऱ्या करा: उंची ४, २, ५, ३, ६ चौकटी, प्रत्येक पायरीची रुंदी २ चौकटी.

३) २ चौकटी रुंदीच्या पट्ट्या कापा, लांबी ४, ६, ३, ५, २. या खालच्या पिना. शिवाय ३ चौकटी लांबीच्या पाच वरच्या पिना वेगळ्या रंगात करा.

४) किल्ली तळरेषेवर ठेवून तिच्यावर पिना मांडा. सर्व सांधे लाल रेषेवर येतील.

५) आता २–४–६–३–५ या किल्लीसाठी पिना बनवा आणि त्या जुन्या किल्लीवर मांडून पाहा. कोणती पिन कोठे अडथळा करते, याची नोंद करा.

शिक्षकांना वर्गाचे दोन गट पाडता येतील. एका गटाने कुलूप रचावे, दुसऱ्याने किल्ली कापावी. गुणाकाराचे तत्त्व आणि संभाव्यता या दोन्ही पाठांना हा प्रयोग उपयोगी पडेल.

प्रश्न

१) चार पिना आणि पाच उंची असलेल्या कुलपाच्या किल्ल्या किती?

२) पिना २, २, ३, ४, ५ अशा आहेत. फक्त अदलाबदल करून किती नव्या किल्ल्या मिळतील?

३) तीन पिनांच्या कुलपात दोन ठिकाणी चकत्या घातल्या. ते किती किल्ल्यांनी उघडेल?

४) केवळ दोन पिनांचे कुलूप आहे, उंची सहा. १ व ६ शेजारी चालत नाहीत. किल्ल्या किती?

उत्तरे: १) ६२५. २) ५९ (एकूण मांडण्या ६०, त्यांतील एक जुनी). ३) ४. ४) ३४.